वीतभर सरकलेलं इंजिन

पुणे,
४ फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप आबांना जसोदाचा सा. न. वि. वि.

चिंचपाड्याच्या साइडिंगवरची जुनी इंजिनं मोडायचं ठरलं, त्यात आपलं चारशे सातही आहे, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि लगेच गव्हाची बातमी दिलीत. मी त्या एका ओळीवरच थांबले. आपल्या मार्गावर रूळ पडले तेव्हा आलेलं हे इंजिन. त्यावर तुम्ही एकोणीस वर्षं ड्रायव्हर होतात आणि त्याच्या जोरावर मी घरातली पहिली बी.ए. झाले. ती पदवी नुसती शाळेत इतिहास शिकवण्यापुरतीच का? म्हणून रेल्वेच्या साहेबांना अर्ज केला आहे की, हे इंजिन मोडू नये, नंदुरबार स्टेशनापुढे ओटा बांधून ठेवावं. मैत्रिणी चिडवतात की, मुली नवऱ्यासाठी सोमवार धरतात, हिनं इंजिनासाठी अर्ज धरला. चिडवू देत.

आईचे गुडघे कसे आहेत? न विचारता अर्ज केला म्हणून रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपली,
जसोदा


नंदुरबार,
२० फेब्रुवारी १९६२

चि. जसोदा हिस भिकनचे अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम.

रागावलो नाही. तुला एक गोष्ट मात्र कधी सांगितली नव्हती. रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी मी आणि माझा जुना फायरमन उखा पॅसेंजरने चिंचपाड्याला जातो. उखा विसरवाडीच्या ट्रकवाल्यांकडून जळकं तेल मागून आणतो. ते सांध्यांत घालायचं आणि चाकाखाली पहार लावून इंजिन वीतभर पुढे सरकवायचं. पुढच्या गुरुवारी वीतभर मागे. इंजिन एकाच जागी उभं राहिलं की सगळा भार एका अंगावर येतो आणि चाकं धरतात, मग जागची हलत नाहीत. तुझी आई म्हणते की, मन्हा गुडघाले तेल नही, त्या लोखंडले मात्र शे.

स्टेशनापुढे आलं तर रोज जाऊन पाहता येईल. तब्येतीस जप.

तुझा,
आबा


पुणे,
११ जून १९६२

ती. आबांना सा. न. वि. वि.

उत्तर आलं! चारशे सात मोडणार नाहीत. पण नंदुरबारला ठेवणार नाहीत. दिल्लीकडच्या एका कारखान्याच्या आवारात काही जुनी इंजिनं जपायची आहेत, तिथे नेणार. २ जुलैला साहेब पाहायला येतील. स्वतःच्या चाकांवर ओढून नेता आलं तर नेतील. चाकं धरलेली असली तर आहे तिथेच तुकडे करतील.

आबा, मी ते तुमच्याजवळ आणायला निघाले होते आणि लांब धाडायला कारण झाले. कागद हातात घेऊन नाचले, मग रडले. बाई, बरं वाटत नाही का, असं मुली विचारत होत्या. तुम्ही काय ते लिहा. माझ्यावर रुसू नका, एवढंच मागते.

तुमची,
जसोदा


नंदुरबार,
२७ जुलै १९६२

चि. जसोदा हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण लपवत नाही. तुझं पत्र आल्यावर दोन गुरुवार मी चिंचपाड्याला गेलोच नाही. उखा म्हणाला की, बसू दे त्याले, आठेच ऱ्हाई. चाकं धरली तर नेणार नाहीत, आणि सरकारचे तोडणारे यायला चार वर्षं लागतील, तोवर आपले दोघांचे दिवस सरतील. मला ते पटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत असं पाप केलं नव्हतं.

गुरुवारी घरी का, म्हणून तुझ्या आईनं विचारलं. सांगितलं तर ती भडकली की, पोरनी अर्ज करा आनि तुम्ही बसी ऱ्हायनात! रविवारी, साहेब यायच्या आदल्या दिवशी, तेलाचा डबा तिनंच उचलला आणि त्या गुडघ्यांनी गाडीत चढली. पावसाळी हवेनं चाकं खरोखर धरली होती. सकाळपासून मी आणि उखा पहारीवर लटकलो, हलेना. दुपारनंतर तीही पहारीला लागली. दिवस मावळताना चाक कुरकुरलं आणि वीतभर सरकलं. आई खाली बसली आणि रडली. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

साहेब आले, खूश झाले. १९ तारखेला नेलं. बंद इंजिन ओढून नेताना तेल घालायला बरोबर माणूस लागतो, म्हणून भुसावळपर्यंत मला बसू दिलं. विझलेल्या भट्टीपुढे माझ्या जागेवर उभा राहिलो. हाताला करायला काही नव्हतं. भुसावळला दुसऱ्या माणसाच्या हाती डबा दिला आणि परतीच्या गाडीत बसलो.

अर्ज केलास ते बरंच केलंस. गुरुवारी अजून पहाटे उठतो. बूट घालतो. मग आई चहा देते.

तू शिकलेली, कुठेही एकटी जाशील. कधी दिल्लीकडे गेलीस तर तिथल्या माणसांना एवढं सांग. उजव्या अंगाच्या मधल्या चाकाला तेल जास्त लागतं. ते भुसावळच्या त्या माणसाला सांगायचं राहिलं.

आमची आठवण ठेव, पत्र लवकर लिही.

तुझा,
आबा