प्रेमिलाची पाठ

नवेगाव बांध, ८ जानेवारी २०२५

चि. दामिनीस आत्याचे अ. आ.

आनि फोन काऊन नाई केला म्हनशील, तं फोनवर बोललं का अर्धा मोहल्ला आयकते. शेजारचा बिसराम तं आंगनात खाटच टाकून बसते. म्हनून लिहून राहिली. चौथीपर्यंतच शिकली, अक्षराले हासू नको.

तुया आईले जाऊन महिना झाला आनि आता तू वकील काढला म्हने. कायले? तिची कंबर मोडली, तुले दुकान होतं, म्हनून सेवागृहात ठेवलं. तुले कोनी बोल लावत नाई. प्रेमिला गेली, आता तिच्या नावाचा बोभाटा कायले?

धान चुरून झाले. नवे तांदूळ धाडते. जावयाले विचारलं म्हन.

माया असू दे,
शामकला

गोंदिया, १५ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

अक्षराला नाही हसले, शुद्धलेखनाला हसले. रागावू नको.

वकील निर्मलाबाई सरकारी विधी सेवेच्या आहेत, बायांना फुकट मिळतात. आईच्या बाजूच्या खाटेवर माझ्या ओळखीच्या ओमेशची आई होती. पडून पडून तिच्या पाठीला जखम झाली, त्यात पू झाला, ताप चढला. ती आता सरकारी दवाखान्यात आहे. आईलाही तसाच ताप होता. सेवागृहवाले म्हणतात, जखम नव्हतीच, म्हातारपणाने गेली. मी गेले की चादर उचलू देत नव्हते. झोपल्या आहेत, उठवू नका म्हणायचे. मीही ऐकलं.

आता शरीर राहिलं नाही. निर्मलाबाई म्हणतात, पाठ पाहिलेलं माणूस नसेल तर तक्रार टिकणार नाही. आत्या, शेवटची आंघोळ तू घातलीस. बायांना परदा धरायला लावून पाठ एकटीनेच धुतलीस. त्या आंघोळीतलं बाई बाहेर बोलत नाही, मला माहीत आहे. पण तिथे अजून म्हाताऱ्या आहेत. होती की नव्हती, एवढंच कळव.

राग नको, लोभ असू दे.
दामिनी

नवेगाव बांध, २४ जानेवारी

चि. दामिनीस अ. आ.

शुद्धलेखनाले हासतेस तं तांदूळ वापस कर.

तुयं पत्र दोनदा वाचलं. गेलेल्या बाईची लाज धुनारीच्या हाती असते, असं माया सासूनं शिकवलं. मंग मनात आलं, प्रेमिलानं लाजाचं काय केलं? लाजावं त्यायनं, ज्यायनं तिची कूस नाई बदलली.

सोमवारी बसनं गोंदियाले आली होती. निर्मलाबाईले सारं सांगितलं. लिहिता लिहिता बाईनं पेन ठेवला आनि मले पानी देल्लं. मी म्हटलं, तुमीच प्या, तुमचं तोंड उतरलं. मंग वाचून दाखवलं, मी सही केली. आंगठा नाई, सही. ग्राहकवाल्या कोर्टात बोलावतील तं तिथंही सांगीन, कोनाले भेत नाई.

तुया घरी नाई आली. तू विचारलं असतं. निर्मलाबाईलेही बजावलं, का पोरीले कागद वाचाले देऊ नका.

जखम होती. केवढी होती, कशी होती, थे वकिलाले सांगितलं, जजले सांगीन. तू तिची पोरगी होय. तुले नाई सांगनार.

शामकला