पाकिटातलं चिकन

४ ऑगस्ट, सोमवार

शी! दुसरा शब्दच नाही. मालकाने, म्हणजे भूपेशने, आज नागपूरहून खोकं आणलं. पाकिटातलं शिजवलेलं चिकन. एकसारखे चौकोनी तुकडे, फिक्कट, बोटाने दाबले की रबरासारखे परत फुगतात. वास? काहीच नाही! वास नसलेलं मांस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काकू, कायले रोज मरमर करता? पाकीट फोडा, पिझ्झ्यावर टाका. खतम!"

शहापूरला पिझ्झ्याचं दुकान म्हणून लोक हसले होते. ते चाललं कशावर? माझ्या चिकनवर! सकाळी मंदाबाईच्या दुकानात उभी राहून कोंबडी समोर कापून घेते. हळद-मीठ लावून धुते, पाट्यावर वाटलेला मसाला चोळून चार तास मुरवते. नऊ वर्षं झाली. आणि हा म्हणतो खतम.

७ ऑगस्ट

श्रावणात अर्धं गाव मांसाला शिवत नाही, ताजं उरतं, फेकावं लागतं, असं त्याचं म्हणणं. खरं आहे. आमच्या बौद्ध वस्तीत श्रावण नाही, पण एका वस्तीवर दुकान चालत नाही. तरी पाकीट म्हणजे — ! मागची तारीख वाचली. पुढच्या वर्षापर्यंत टिकतं म्हणे. जे सडत नाही, ते पोटात जाऊन काय करत असेल?

१४ ऑगस्ट

कडाक्याचं भांडण. शेवटी ठरलं ते असं. पोळ्याची कर, म्हणजे श्रावण सुटल्यावर लोक मांसावर तुटून पडतात तो दिवस, त्या दिवशी दोन्ही पिझ्झे चाखायला ठेवायचे. कोणता कशाचा ते सांगायचं नाही. पाकीट जिंकलं तर मंदाबाईची कोंबडी बंद आणि मी भट्टीवरून काउंटरवर. काउंटरवर! बिलं फाडत बसू?

मनातल्या मनात हसले. रबर कोण खाणार!

२२ ऑगस्ट, पोळा

मसाला दुप्पट वाटला. हात झोंबताहेत.

२३ ऑगस्ट, कर

मंदाबाईकडे ही गर्दी! कोंबडी हातात पडली अकराला. मुरायला तासभरसुद्धा वेळ मिळाला नाही.

पाकिटं मात्र सकाळीच फोडली होती. आतून चिकट पाणी निघालं, बोटांना लागलं. असलं कुणाच्या पुढ्यात कसं ठेवायचं? आमच्याकडे धुतल्याशिवाय मांस चुलीवर चढत नाही. हळद-मीठ लावून तीन पाण्यांनी धुतलं. भूपेश ओरडला, "काकू, आधीच शिजेल हाय ना थे! धुऊन कायले राहिल्या?" ऐकते कोण. आणि फिक्कं तर देववेना. माझा मसाला चोळून ठेवून दिला. विचार केलाच नाही, हात आपोआप चालले.

बत्तीस जणांनी पाकीट निवडलं. ताजं नऊ जणांनी.

सिहोऱ्याचे भैय्याजी, आमचं जुनं गिऱ्हाईक, पाकिटाचा तुकडा खाऊन बोटं चाटत म्हणाले, "हेच तं रत्नमालाबाईच्या हातचं! थे दुसरं कच्चंच लागते."

मी माझ्याच हाताने मला हरवलं. रडू नाही आलं. संताप आला, या दोन हातांचा.

२५ ऑगस्ट

भूपेश भलताच खुशीत. मला काउंटर नको म्हणतो आता. भट्टीवरच राहायचं, पाकिटं धुवायची, मसाला लावायचा. दारात मोठा बोर्ड: माझा फोटो, खाली 'ताजं चिकन, घरचा मसाला'.

"ताजं कुठं हाय त्यात?"

"मसाला तं ताजा हाय ना, काकू!"

निर्लज्ज! उद्यापासून पाय ठेवणार नाही त्या दुकानात.

२६ ऑगस्ट

गेले.

२९ ऑगस्ट

बोर्ड लागला. फोटो चांगला आलाय. बसमधल्या बाया बोट दाखवतात आणि मला ते आवडतं. हे लिहितानाच स्वतःची किळस येते. मंदाबाईने काल रस्त्यात अडवलं, "काहून वो बाई, कोंबडी न्यायले येत नाई?" काहीतरी पुटपुटले. आता मागच्या गल्लीने जाते.

३ सप्टेंबर

खुशबू आली, माझी लेक, सातवा महिना लागलेली. बसमधून उतरून घरी न जाता तडक दुकानात! डॉक्टरीणबाईंनी बाहेरचं मांस बंद केलंय. "दोन महिने झाले, तोंडाले नाई लावलं. आईच्या हातचं तं चालते ना!" म्हणत बाकावर टेकली. सांगायला तोंड उघडलं, पण दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. पोरीने अख्खा पिझ्झा संपवला. आणखी एक मागितला.

दिला.