सेड्रिकने पाहिलेला किडा

६ ऑक्टोबर २०१४, सोमवार

आज रेडिओवर सेड्रिकचं सांगितलं. लाँगवुडचे सेड्रिक यॉन, उर्फ चिमटा, यांचं निधन झालं आहे. उर्फ चिमटा! माणूस जातो, टोपणनाव काही जात नाही या बेटावर. शेजारची मेव्हिस स्वयंपाकघरात बसली होती. तिला आधी हसू फुटलं, मग तीच रडायला लागली. मी बशा पुसत होते.

मला रडू येत नाही. नवरा गेला आणि काहीच होत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

पुरलं. वारा फार होता. शेरलीनला फॉकलंडहून वेळेत बोट मिळाली नाही. फोनवर लेक रडत होती, मी तिला हवा कशी आहे ते सांगत होते.

९ ऑक्टोबर

प्लो केला, आमचा इथला मसालेभात. सवयीने दोघांचा. अर्धा कोंबड्यांना घातला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

थॉमसांची धाकटी मुलगी आली, जोडी नावाची, निसर्ग खात्यात आहे ती. फिशकेक घेऊन आली होती. चहा झाल्यावर हळूच विषय काढला. आमच्या हॉर्स पॉइंटवरचा मोठा चिमटेकिडा, जो दगडांखाली राहायचा आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हता, तो कायमचा संपला असं आता जाहीर होणार आहे. बाहेरची मंडळी किती वेळा येऊन दगड उलथून गेली. सदुसष्ट सालानंतर कोणी जिवंत पाहिल्याची नोंद नाही.

"अंकल सेड्रिक त्र्याऐंशी साली पाहिला म्हणायचे," जोडी म्हणाली. "आणखी एका माणसाने पाहिला असेल तर मी त्यांचं नाव कागदात घालू शकते. एकतीस तारखेपर्यंत वेळ आहे. आंटी, तुम्ही पाहिला होता का?"

मी म्हटलं, नाही.

एकतीस वर्षं हेच उत्तर देतेय. आपोआप निघालं.

१५ ऑक्टोबर

कपडे धुतले. त्याचेही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुकानात गेले. सगळे कसे गप्प झाले! एरवी सेड्रिक आत शिरला की कोणीतरी म्हणायचंच, काय चिमट्या, आज केवढा दिसला? तो म्हणायचा, आज त्याची सुटी होती रे. आणि सगळ्यांच्या वरताण हसायचा. एकदाही कोणावर चिडला नाही. घरी येऊन मात्र बराच वेळ कोंबड्यांपाशी बसायचा. मी विचारायची नाही.

पाव आणले. साखर विसरले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

इथे लिहायला काय हरकत आहे? इथे कोण वाचतंय?

सेड्रिक गवंडी. हॉर्स पॉइंटवरून ट्रक भरभरून दगड आणायचा, भिंती बांधायचा. सगळेच आणायचे. अर्धं लाँगवुड त्या दगडांत उभं आहे, हे घरसुद्धा. किड्याचं छप्पर आपण काढून नेतोय असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मार्च महिना होता. दुपारी तो बिस्किटांचा डबा घेऊन धावत आला. झाकण उघडून दाखवलं. काळा, तुकतुकीत, माझ्या मधल्या बोटाएवढा, शेपटीचा चिमटा उगारलेला. "विनी, याच्यावर नजर ठेव, मी शेतकी खात्याच्या साहेबाला घेऊन येतो," म्हणाला आणि पळाला. इतकं खूश त्याला मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

शेरलीन पोटात होती, सातवा महिना. झाकण नीट बसलं नव्हतं. किडा वर आला, टेबलावरून सरळ माझ्याकडे. मी इस्त्री उचलली आणि घातली. मग परसात कोंबड्यांपुढे टाकला. टेबल पुसून काढलं.

साहेब कॅमेरा घेऊन आले. मागून गल्लीच लोटली. साहेबाने मलाच विचारलं, किडा कुठे आहे? दारात एवढी माणसं बघून माझी बोबडी वळली. म्हटलं, कसला किडा? मी तर काहीच पाहिलं नाही.

सेड्रिकने रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग ओल्या टेबलाकडे. म्हणाला, पळाला असेल.

उद्या खरं सांगू, असं मी ठरवलं होतं. उद्यापर्यंत त्याचं नाव चिमटा पडलं होतं.

२२ ऑक्टोबर

काही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले. येताना इथल्या रीतीप्रमाणे जी गाडी जाईल तिला हात केला. हात आपला आपण वर होतो. जोडीची गाडी गेली, तिलाही केला. पाच दिवस राहिले. जन्मभर थापाड्या म्हणवून घेतलं त्याने, आता मेल्यावर काय फरक पडतो? असं मनाला सांगून बघितलं. मन ऐकत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गॅव्हिन सेड्रिकच्याच हाताखाली गवंडीकाम शिकला. हत्यारं मागायला आला. म्हटलं, ने सगळी. पिशवी रिकामी करताना ओळंब्याची डबी हाताला लागली. ओळंबा तर सेड्रिक खिशातच ठेवायचा. मग डबीत काय?

कापूस. कापसात चिमटा. शेपटीचे दोन्ही आकडे, लालसर काळे, एक टोकाला तुटलेला. कोंबड्यांनी एवढंच टाकून दिलं असणार. खाली कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलेलं. मार्च १९८३. एका तारखेभोवती पेन्सिलीचा गोल. बाकी एक अक्षर नाही.

म्हणजे हे सारा वेळ त्याच्याकडे होतं! दुकानात टेबलावर ठेवलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण मग कोणीतरी विचारलं असतं, मारला कोणी?

गॅव्हिन बाहेर थांबला होता. त्याला म्हटलं, ही डबी नाही द्यायची.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

डबी जोडीच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. तिने सेड्रिकचं नाव लिहिलं, पूर्ण, टोपणनावाशिवाय. मग म्हणाली, आंटी, यांच्यानंतर कोणीच पाहिलेला नाही. म्हणजे तो शेवटचा... मी म्हटलं, लिही. इस्त्रीने मारला, विनिफ्रेड यॉनने. तिने लिहिलं.

मेव्हिस आली तेव्हा मी स्वयंपाकघरात त्या टेबलावर डोकं ठेवून रडत होते. ती म्हणाली, आलं बाई एकदाचं. चहा टाकते.