द्राक्षबागेतलं सातवीचं वर्ष

पेठ, २ मे २००१

प्रिय पुंजादादा,

काल शाळेत निकाल लागला. आपला बुधा सातवी पास झाला, वर्गात दुसरा आला. यमुना सहावीत गणितात सगळ्यांच्या पुढे आहे. आई म्हणाली, आधी हेच लिही, म्हणून खुशाली नंतर.

दिवाळी झाली की घरचे दिंडोरीकडे द्राक्षबागेवर जातात आणि पोरांची शाळा सुटते, हे तुला वेगळं सांगायला नको. या वेळी मीही सोबत गेले. निघण्याआधी सावळीराम गुरुजींकडून दोघांचा उरलेला अभ्यासक्रम उतरवून घेतला. ते म्हणाले, "एप्रिलात परीक्षेला बसवतो. पण नापास झाली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

बागेवर पोचल्यावर एका जुन्या पेटीच्या पुठ्ठ्यावर मी वेळापत्रक आखलं. सकाळी गणित, दुपारी इंग्रजी, अगदी शाळेसारखं. पंधरा दिवसांत ते पार कोलमडलं. सकाळी पोरं कामावर, दुपारी दमून झोपलेली. मी पुठ्ठा चुलीत घातला आणि बागेचं काम बघून नवा आखला. घडांची विरळणी करताना हात गुंतलेले, पण तोंड मोकळं असतं, तेव्हा इतिहास आणि कविता. वेलींच्या ओळी मोजून क्षेत्रफळ. जेवणाच्या सुट्टीत लिखाण. इंग्रजी माझंच कच्चं. पहाटे एक धडा मी शिकायची, मग त्यांना शिकवायची.

बा मात्र खूश नव्हता. "लय झालं शिकणं, संक्रांतीनंतर दोघं पुरा दिवस कामाला," असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. मग एका सकाळी घड बुडवायचं औषध कालवताना तो दोनशे लिटर पाण्यासाठीचं पाकीट साठ लिटरच्या ड्रममध्ये ओतायला निघाला. बुधानं त्याचा हात धरला आणि तिथंच मातीत काडीनं त्रैराशिक मांडून दाखवलं. मालकानं तपासलं, बरोबर निघालं. नाहीतर अख्ख्या ओळीचे घड गेले असते. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी झाली की बाच हाक मारायचा, "चला रे, पुस्तकं काढा." काल त्यानं निकालपत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि टोपी काढून गुरुजींना नमस्कार केला. गुरुजी मला म्हणाले, पुढच्या दिवाळीला पाड्यावरची अकरा पोरं बागेवर जातील, त्यांचंही वर्ष तूच आखून दे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी पाचवीत आणि तू आठवीत असताना आपल्या दोघांचीही शाळा सुटणार होती. "मी एकटा दोघांचं काम ओढतो, सगुणाला राहू द्या शाळेत," असं तू बाला सांगितलंस. मी ते ऐकलं होतं. तू कधी बोलला नाहीस. मी दहावी झाले तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. दादा, सोबत सतरा नंबरचा फॉर्म आहे, दहावीला बाहेरून बसायचा. बाकी सगळं मी भरलंय. वापीच्या कंपनीत कोणत्या आठवड्यात तुझी कोणती पाळी असते ते कळव, त्याप्रमाणे तुझं वर्ष आखते. फॉर्मवर खाली फुली केली आहे, तिथं सही कर.

तुझ्या वाट्याची शाळा शिकलेली,
तुझीच सगुणा