रखमीचा दाखला

किन्हवली
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

रखमीस नमस्कार.

आधी ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. आपल्या आश्रमशाळेतला क्लार्क आठवतो का, वाल्मिक भाऊसाहेब? तोच मी. तुझा पत्ता तुझ्या बापाकडून घेतला. जैतू बाजारात भेटला होता. तुला दोन मुली आहेत, थोरली यंदा शाळेत जाते म्हणाला. बरं वाटलं.

मला रिटायर होऊन चार वर्षं झाली. माझी बायको मैना गेल्या शिमग्यात गेली. मुलगा अनिल आसनगावला राहतो. रविवारी येतो म्हणतो, येत नाही. भात झोडून झालं. घरात बोलायला कोणी नाही म्हणून रेडिओ लावतो आणि त्याच्यावरच खेकसतो. बघ, अर्धं पान भरलं आणि मुद्द्याचं एक अक्षर नाही. जन्मभर हेच केलं.

गुरुवारी शहापूरला सभा होती. शाळेतल्या मुलांवर हात टाकणाऱ्यांसाठी वेगळा कडक कायदा हवा, म्हणून मुंबईच्या एका संस्थेच्या बायका लोकांची मतं घेत होत्या. मी आपला चहापुरता मागं बसलेलो. एक बाई म्हणाल्या, “ज्याला कळलं आणि जो गप्प बसला, त्यालाही शिक्षा हवी का?” झालं! सगळे मुख्याध्यापक तुटून पडले. “कशाला हे लचांड? मग नोकरी कोण करील?” मी उभा राहिलो. म्हटलं, “ते कलम ठेवा.” बाईंनी विचारलं, “का?” मी खाली बसलो.

ते ‘का’ तुला सांगतो.

गुरुजींच्या खोल्यांवर झाडलोटीला, भांड्यांना मुली धाडायच्या, त्यांची यादी मी लावायचो. दर शनिवारी फळ्यावर. सत्त्याण्णव साली, तू सातवीत असताना, ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिलीस. “भाऊसाहेब, मना त्या गुरुजींच्या खोलीवर नका धाडू.” मी म्हटलं, “यादी बदलत नाय गो, जा वर्गात.” तू हलली नाहीस. खाली मान घालून सगळं सांगितलंस. “मी खोटा नाय सांगत,” हे तीनदा म्हणालीस.

मी मोठ्या गुरुजींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “शाळेचं नाव जाईल. पोरीचा दाखला काढा.” मी काढला. वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’ लिहिलं. जैतूचा अंगठा घेतला. त्याला वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही.

पुढच्या शनिवारी तुझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव लावलं. हे मी मैनालासुद्धा कधी सांगितलं नाही.

ज्याच्या खोलीवर धाडू नका म्हणालीस, तो माणूस आता दुसऱ्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक आहे. मुली तिथंच राहतात. गुरुवारी सभेत पुढच्या रांगेत बसला होता. “आमच्याकडे असलं काही नाय,” हे सगळ्यांत मोठ्यानं तोच म्हणाला. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

उद्या मी मुरबाडला पोलिसांत जाऊन जबाब देणार. हे पत्र तुला मिळेल तोवर देऊन झालेला असेल. तुझं नाव मी सांगणार नाही. मुलीच्या जबाबाशिवाय केस उभी राहायची नाही, असं एक वकील म्हणाला. म्हणू दे. मी काय केलं ते तरी मला सांगता येतंच की. तू ये, असं म्हणत नाही. संसार तुझा, जीव तुझा, ठरवायचं तू. हा कागद घरात नको असेल तर चुलीत घाल. माफी मागत नाही. ती मागायला तोंड लागतं.

फक्त एवढं तुझ्यापाशी असू दे. तू खोटं बोलत नव्हतीस, हे मला त्या दिवशी, त्या दारातच कळलं होतं.

तुझं खरं मानूनही तो दाखला लिहिणारा,
वाल्मिक भोईर