विश्रामबागेत विमान उतरायचं होतं तेव्हा

चि. विश्वजीत यास,

तुझ्या अण्णांचे विश्रामबागेतून अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे ते कळव. माझे गुडघे जागच्या जागी आहेत, दुखतात एवढंच. तुझी आई ठणठणीत असून तिच्यापायी सगळी गल्ली आजारी आहे.

आणि कारण तूच आहेस. लढाई पेटली त्या दिवशी तू फोनवर सहज बोलून गेलास, की वेळ पडली तर विमान साध्या रस्त्यावरही उतरवतात. झालं. फौजेतल्या घरांची रीत तुला माहीत आहे, पोरगं फोनवर उघड काही सांगत नसतं, घरच्यांनी ओळखायचं असतं. (तुझ्या काकानं पत्रात 'इकडं थंडी आहे' लिहिलं, की आम्ही लडाख समजून गप्प बसायचो.) आईनं ओळखलं, की तू विमान घेऊन आपल्या दारासमोर उतरणार. चौदा महिने पोराचं तोंड बघितलं नाही, की बाई असंच ओळखते.

दुसऱ्या दिवशी तिनं रस्ता पावलांनी मोजला. मग तिची नजर गतिरोधकावर गेली. तो गल्लीतल्या गणेश मंडळानंच घातलेला, त्यामुळे मंडळानंच उखडला. गादीवाल्या कुतुबुद्दीनचाचांनी हातगाडी मागं घेतली, वर वारा कुठला ते तुला दिसावं म्हणून खांबाला उशीचा अभ्रा बांधला. मधोमध एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा मांडव होता. आई त्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "माझं पोरगं उतरायचं हाय. तेवढा मांडव काढा." खोटं वाटेल, पण काढला.

चार दिवस ती ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. आली काय, तर कचऱ्याची घंटागाडी. पाचव्या दिवशी लढाई थांबल्याची बातमी आली. गल्ली पेढे वाटत होती आणि ही निरांजन पुसत म्हणाली, "आता कशाला उतरंल त्यो हितं?" लढाई थांबली म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

मांडव परत उभा राहिलाय. बाकी क्षेम.

तुझे,
अण्णा

ता. क. : तू विमान उडवत नाहीस, त्याची चाकं तपासतोस, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला सांगितलं नाही. त्या चार दिवसांत ती पोटभर जेवत होती.

आणखी ता. क. : वर सगळं तिच्यावर ढकललंय. ठाऊक असूनही रस्त्याकडेला खुर्ची टाकून चार दिवस मी आभाळाकडं बघत बसलो होतो. सुट्टी मिळेल तेव्हा ये बाबा. एसटीनं ये.