अवकाश दलाचे गीत

नॉर्थ डकोटा, ५ जुलै

प्रिय लोरेटा,

ब्रिजेट इथे तिच्या तळावर सुखरूप आहे, व्यवस्थित जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

काल स्वातंत्र्यदिनानिमित्त इथल्या बागेत बँडने प्रत्येक सैन्यदलाचे गीत वाजवले; त्या-त्या दलाचे लोक उभे राहिले. अवकाश दलाच्या गीताला आपली लेक ब्रिजेट एकटीच उभी. मागून नौदलातला एक म्हातारा म्हणाला, "पोरी, मग आज चंद्रावर पहारा कोण देतंय?" लोक हसले. तिची मान खाली गेली.

या दलाला मी रेडिओवर दर आठवड्याला सरकारी उधळपट्टी म्हणतो, हे तू जाणतेसच. तरीही मी उभा राहिलो.

"बाबा, बसा ना. तुम्ही कुठे सैन्यात होतात?"

"मी करदाता आहे. हे दल माझ्याच पैशावर चालतं."

म्हाताराही कुरकुरत उठला. "कर तर मीही भरतो."

मग सारी बाग उठली.

माझे मत कायम आहे. मात्र सोमवारच्या रेडिओ कार्यक्रमाचा विषय बदलला आहे.

तुझा काटकसरी,
वेंडेल